हायल्युरोनान: एकच धागा, अखंड आणि तुटका

गुडघा सुजला की डॉक्टर कधीकधी सुईने त्यातलं पाणी काढतात. त्या पाण्याची एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे. हातमोजा घातलेल्या अंगठ्यावर थेंबभर द्रव घ्यायचा, त्याला तर्जनी टेकवायची आणि दोन्ही बोटं हळूहळू दूर न्यायची. सांधा निरोगी असेल तर मधे तार धरते, इंचभर किंवा त्याहून लांब, आणि मगच तुटते. आमवाताने सांधा पेटलेला असेल तर तार निघतच नाही. थेंब पाण्यासारखा टपकन खाली पडतो.

ही तार धरून ठेवतं ते हायल्युरोनान. सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर याचंच नाव हायल्युरॉनिक ॲसिड असं छापलेलं असतं. शरीरात मात्र हा पदार्थ आम्ल म्हणून वावरत नाही. त्याच्यावरचे ऋण भार सोडियमसारख्या धन आयनांच्या सोबतीने असतात, म्हणजे तो क्षाराच्या रूपात असतो. म्हणूनच या पदार्थावर काम करणारे शास्त्रज्ञ एंड्रे बलाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हायल्युरोनान हे सुटसुटीत नाव सुचवलं. आपणही तेच वापरू. 'ॲसिड' म्हटलं की काहीतरी जळजळणारं डोळ्यासमोर येतं, आणि हा पदार्थ तर त्याच्या अगदी उलट, बुळबुळीत आणि निरुपद्रवी.

तो पहिल्यांदा सापडला १९३४ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातला काचाभ द्रव, म्हणजे बुबुळामागच्या पोकळीत भरलेला पारदर्शक गर, तपासायला घेतला होता. ग्रीकमध्ये 'हायलॉस' म्हणजे काच. रेणूत युरॉनिक आम्ल सापडलं, तेव्हा दोन्ही जोडून नाव तयार झालं. रेणूची नेमकी रचना उलगडायला मात्र पुढची वीसेक वर्षं गेली.

इतकी वर्षं लागावीत अशी काही ती गुंतागुंतीची नाही. दोन शर्करा आहेत: ग्लुकुरॉनिक आम्ल आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन. एक हिची, एक तिची, पुन्हा हिची, पुन्हा तिची. बस. फांद्या नाहीत, वेलबुट्टी नाही. याच कुटुंबातल्या बाकीच्या साखळ्या, उदाहरणार्थ कॉन्ड्रॉइटिन सल्फेट किंवा हेपारिन, सल्फेटचे दागिने घालून आणि प्रथिनाच्या दांड्याला चिकटून येतात. हायल्युरोनानला दोन्ही नाही.

त्याच्याकडे आहे ती लांबी. शर्करांची एक जोडी साधारण एक नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांब आणि ४०० डाल्टन वजनाची. डाल्टन हे रेणू तोलायचं माप. अशा पंचवीस हजारांपर्यंत जोड्या एका धाग्यात ओवलेल्या असू शकतात. म्हणजे धागा ताणून सरळ केला तर पंचवीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरेल. रक्तातल्या तांबड्या पेशीची रुंदी सात-आठ मायक्रॉन असते. अशा तीन पेशी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या पार करून जाणारा एकच रेणू! त्याची जाडी मात्र नॅनोमीटरच्या आसपास. शिवणाचा दोरा अर्धा मिलिमीटर जाड धरला, तर त्याच प्रमाणात तो साडेबारा मीटर लांब व्हावा लागेल.

असा धागा पेशीच्या आत विणून ठेवला तर मावणार कुठे? म्हणून त्याची विणकामाची जागाच वेगळी आहे. इतर साखळ्या पेशीच्या आतल्या गॉल्जी नावाच्या कारखान्यात तयार होतात आणि मग बाहेर पाठवल्या जातात. हायल्युरोनान विणणारे तीन एन्झाइम, एचएएस १, २ आणि ३, थेट पेशीच्या पटलात बसलेले असतात. आतून शर्करा उचलायच्या, जोडायच्या आणि तयार होत जाणारा धागा तसाच बाहेर ढकलत राहायचा.

आता पाण्याबद्दल. हायल्युरोनान स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरून ठेवतं, हे वाक्य तुम्ही जाहिरातीत शंभरदा वाचलं असेल. ते ऐकून वाटतं की प्रत्येक रेणू पाण्याची बादली घेऊन बसला आहे आणि ती सांडूच देत नाही. तसं काही नसतं. शर्करांना प्रत्यक्ष चिकटून राहणारं पाणी थोडंच असतं. खरी गंमत जागेची आहे. धाग्यावरचे ऋण भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे तो घट्ट गुंडाळला जात नाही. सैल, पसरट गुंता होऊन तो स्वतःपेक्षा कितीतरी मोठी जागा अडवतो आणि त्या जागेतलं पाणी गुंत्यात अडकून पडतं. पाणी आत-बाहेर करू शकतं, पण संथपणे. शेजारचे गुंते एकमेकांत शिरले की सगळा द्रव दाट होतो.

या दाटपणाला एक खास स्वभाव आहे. हलकेच ढकललं तर तो दाट राहतो. झटकन घासलं तर धागे त्या दिशेने सरळ होतात आणि द्रव पातळ होतो. कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांमध्ये सोडियम हायल्युरोनेट घालतात ते याचसाठी. पापणी मिटते त्या क्षणी द्रव पातळ होऊन सरकतो, उघडी असताना पुन्हा दाट होऊन बुबुळावर टिकतो. गुडघ्यातही तसंच. चालताना तो घसरू देतो, उडी मारल्यावर धक्का पचवतो. अर्थात सांध्यातलं सगळं वंगण एकट्या हायल्युरोनानचं नाही. कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराच्या, पृष्ठभागावर ल्युब्रिसिन नावाचं प्रथिनही असतं आणि अगदी चिकटून घासणाऱ्या भागातलं काम बरंचसं त्याचं आहे.

सत्तर किलोच्या माणसात साधारण पंधरा ग्रॅम हायल्युरोनान असतं. त्यातलं निम्मं त्वचेत. आणि यातलं सुमारे एकतृतीयांश, म्हणजे पाच ग्रॅम, शरीर रोज मोडतं आणि रोज नव्याने विणतं. त्वचेतला धागा जेमतेम दिवसभर टिकतो. कूर्चेतला दोन-तीन आठवडे. रक्तात उतरलेला तर काही मिनिटांत नाहीसा होतो. ही उलाढाल लक्षात ठेवा, कारण पुढे बाटल्या आणि इंजेक्शनांचा हिशेब लावताना ती उपयोगी पडणार आहे.

मोडतोडीचा मार्गही ठरलेला आहे. हायल्युरोनिडेज गटातले एन्झाइम धाग्याचे तुकडे करतात, तुकडे लसीकेतून (पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या प्रवाहातून) लसिका ग्रंथींमध्ये जातात आणि बहुतेक तिथेच संपतात. उरलेले रक्तातून यकृतात येतात आणि यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं अस्तर त्यांना गिळून टाकतं. यकृतात व्रण साठत गेले, सिऱ्हॉसिसकडे वाटचाल सुरू झाली, की हे अस्तर बिघडतं आणि रक्तातलं हायल्युरोनान वाढतं. यकृत किती निबर झालं आहे याचा अंदाज यकृतात सुई न टोचता घेणारी ईएलएफ नावाची रक्तचाचणी ज्या तीन पदार्थांवर उभी आहे, त्यांतला एक हाच.

इथवर हायल्युरोनान म्हणजे भरण आणि वंगण, एवढंच चित्र तयार होतं. १९७०च्या आसपासपर्यंत बहुतेकांची समजूत तेवढीच होती. पण पेशींच्या अंगावर या धाग्याला पकडणारे ग्राहक रेणू असतात. सर्वांत ठळक सीडी ४४. पेशी धागा नुसता धरत नाहीत, तो चाचपून त्यावर वागणूक ठरवतात. आणि त्यांना कळते ती मुख्यतः लांबी.

विचार करा, दोनच शर्करांच्या एकसुरी साखळीत दुसरा कुठला निरोप लिहिता येणार? अक्षरं बदलत नाहीत, क्रम बदलत नाही. बदलते ती फक्त लांबी. लांब, अखंड धागा म्हणजे घर शाबूत आहे, सगळं ठीक चाललंय. पेशी शांत राहतात, दाह दबलेला राहतो, नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. धागा तुटला आणि तुकड्यांचा सडा पडला, म्हणजे कुठेतरी भिंत पडली आहे. मग पांढऱ्या पेशी धावतात, दाह पेटतो, दुरुस्तीसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवू लागतात. १९८५ मध्ये वेस्ट आणि कुमार या संशोधकांनी दाखवलं की चार ते पंचवीस जोड्यांचे छोटे तुकडे नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावतात. मोठा धागा तसं करत नाही.

इथे थोडं सावध राहायला हवं. तुकड्यांनी दाह पेटतो असं दाखवणाऱ्या काही प्रयोगांत वापरलेल्या नमुन्यांत जिवाणूंच्या आवरणाचा अंश मिसळलेला असण्याची शंका घेतली गेली आहे, आणि तो अंश एकटाच दाह पेटवायला पुरेसा असतो. त्यामुळे कोणता तुकडा नेमका काय करतो यावर वाद आहे. लांबीला महत्त्व आहे हे मात्र अनेक बाजूंनी दिसतं.

जखमेत हे दोन्ही टप्पे पाहायला मिळतात. आधी तुकडे, गलबला, सूज. मग हळूहळू शांतता. गर्भातल्या बाळाची त्वचा, गर्भावस्थेच्या पूर्वार्धात, जवळपास व्रण न ठेवता भरून येते, आणि तिथल्या जखमेत हायल्युरोनान भरपूर आणि दीर्घकाळ राहतं. व्रण न राहण्याचं ते एकमेव कारण नाही, पण योगायोगही नसावा.

मुळात आपली सुरुवातच या धाग्याच्या ढगात होते. बीजांडकोशातून बाहेर पडताना स्त्रीबीजाभोवती पेशींचा झुबका असतो आणि त्या पेशी हायल्युरोनान विणून फुगतात. ज्या उंदरांमध्ये हा ढग एकत्र बांधणारं टीएसजी-६ हे प्रथिन नसतं, त्यांच्या माद्या वांझ राहतात. शुक्रजंतूच्या डोक्यावर असतो पीएच-२०, तो ढग कापत जाणारा एन्झाइम. पुढे हृदय घडतं तेव्हाही हाच धागा लागतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात उंदरातलं एचएएस २ हे जनुक काढून टाकलं, तर भ्रूण साधारण साडेनवव्या दिवशी दगावले. हृदयातल्या झडपांची जागाच तयार झाली नव्हती.

आता बिघाड. त्याचे दोन प्रकार: धागा नको तिथे साचतो, किंवा हवा तिथे तुटतो.

साचण्याचा सर्वांत जुना परिचित नमुना थायरॉइडचा. पाय सुजलेल्या माणसाच्या नडगीवर अंगठ्याने दाबून पाहतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारातली सूज असेल तर खळगा पडतो आणि क्षणभर तसाच राहतो, कारण पाणी मोकळं असतं आणि बाजूला सरतं. थायरॉइड फार मंदावलेल्या रुग्णाच्या अंगावरची सूज मात्र दाबली तरी खळगा ठेवत नाही. पाणी आहेच, पण ते धाग्यांच्या गुंत्यात अडकलेलं आहे. पळून जाणार कुठे! ग्रेव्ह्ज या, थायरॉइड अति काम करू लागण्याच्या आजारात डोळे बाहेर येतात त्यातही हा हात आहे: डोळ्यामागच्या पेशी प्रतिकारशक्तीच्या चिथावणीने हायल्युरोनान विणत सुटतात, स्नायू आणि चरबी फुगते, आणि हाडाच्या खोबणीत जागा नसल्याने डोळा पुढे ढकलला जातो.

शार-पे ही चिनी कुत्र्याची जात तर या साचण्याचं चालतंबोलतं चित्र. तिच्या अंगावरच्या त्या जाड सुरकुत्या हायल्युरोनानने भरलेल्या असतात. माणसांनी सुरकुत्या आवडल्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. २०११ मध्ये कळलं की एचएएस २ जनुकाजवळच्या डीएनएचा एक तुकडा या कुत्र्यांत दुणावलेला आहे, आणि त्याच दुणावण्याचा संबंध त्यांना वारंवार येणाऱ्या तापाशी आहे. सुरकुती हवी म्हणून निवडली, ताप फुकट आला.

फुप्फुसात हा पदार्थ साचला तर मामला जिवावरचा. हवेच्या पिशव्यांत तो पाणी धरून बसला की प्राणवायू रक्तापर्यंत पोचत नाही. तीव्र श्वसनविफलतेत हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. २०२० मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत हायल्युरोनान आढळल्याचं नोंदवलं. शवविच्छेदनात दिसणाऱ्या जेलीसारख्या द्रवाचा काही उलगडा त्यातून झाला.

कर्करोगाचं प्रकरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं, कारण तिथे एक देखणा तर्क उघडा पडला. स्वादुपिंडाच्या गाठींमध्ये हायल्युरोनान ठासून भरलेलं असतं. आतला दाब इतका वाढतो की रक्तवाहिन्या चेपतात आणि औषध आत पोचत नाही. मग धागाच कापला तर? उंदरांवर २०१२ मध्ये हे चाललं: एन्झाइम दिलं, वाहिन्या उघडल्या, औषध आत गेलं. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांनी आशा दाखवली. पण तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचणीत, जिचा निकाल २०१९ मध्ये आला, रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.

दुसऱ्या टोकाला नेकेड मोल रॅट. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, जवळजवळ केस नसलेला उंदराएवढा प्राणी. तीस वर्षांहून जास्त जगतो आणि त्याला कर्करोग क्वचितच होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या वेरा गोर्बुनोवा आणि आंद्रेई सेलुआनोव यांच्या गटाने सांगितलं की याचं हायल्युरोनान माणसाच्या किंवा उंदराच्या पाचपट लांब असतं आणि ते काढलं तर त्याच्या पेशी कर्करोगाला बळी पडतात. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने याच पेशी कर्करोगी जनुकांनी सहज बिघडवून दाखवल्या, तेव्हा श्रेय सगळं धाग्याचं नाही असं दिसलं. २०२३ मध्ये पहिल्या गटाने या प्राण्याचं एचएएस २ जनुक साध्या उंदरांत घातलं. त्यांच्यात गाठी आणि दाह कमी दिसले आणि सरासरी आयुष्य चारेक टक्क्यांनी वाढलं. चार टक्के. अमृत नव्हे, पण दुर्लक्ष करण्याइतकंही थोडं नाही.

जंतूही या धाग्याचा फायदा घेतात. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस स्वतःभोवती हायल्युरोनानचं आवरण विणतो. ते रासायनिकदृष्ट्या हुबेहूब आपल्यासारखंच, त्यामुळे प्रतिकारशक्तीला तो घरचाच वाटतो. त्याच्याच एका भाऊबंदाला मोठ्या टाक्यांत वाढवून आज बाजारातलं बरंचसं हायल्युरोनान काढलं जातं. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत.

आणि मग ते बाटलीत येतं.

चेहऱ्याला लावायच्या सीरमपासून सुरू करू. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठ्या रेणूंना आत सोडत नाही. बाटलीतला धागा लाखो डाल्टनचा. तो वर बसतो, ओलावा धरतो, त्वचा काही तास मऊ आणि भरलेली दिसते. तेवढं खरं आहे आणि तेवढ्यासाठी वापरायला हरकत नाही. 'त्वचेतली घटलेली पातळी भरून काढतो' हे मात्र पटणारं नाही. छोटे तुकडे केले तर थोडे खोल शिरतात म्हणे. पण आतल्या अखंड धाग्याची जागा तुकडे घेत नाहीत, आणि तुकड्यांचा निरोप कसा असतो ते वर पाहिलंच. ज्या त्वचेत रोज कित्येक पट माल विणला आणि मोडला जातो, तिथे वरून लावलेले चार थेंब किती पुरणार?

गुडघ्यातल्या इंजेक्शनाची कल्पना त्याहून समजूतदार आहे. झिजेच्या संधिवातात सांध्यातलं हायल्युरोनान खरोखरच विरळ होतं आणि त्याची लांबी घटते. तेव्हा बाहेरून भरा. पण भरलेलं काही दिवसांत निघून जातं. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा वेदना कमी होतात, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नाही, असं त्यातून निघालं. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना सरसकट वापराची शिफारस करत नाही. 'मला तर आराम पडला' असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. सुई टोचल्यानेच सांध्याला बराच आराम पडतो, मग सुईत काहीही असो.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत मात्र या पदार्थाने निर्विवाद नाव कमावलं. मोतीबिंदू काढताना पारपटलामागची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागची, जागा कोसळू नये आणि त्या पडद्याच्या आतल्या, पुन्हा न उगवणाऱ्या पेशींना अवजार घासू नये म्हणून हा दाट पारदर्शक गर भरतात आणि काम झालं की काढून घेतात. बलाझ यांच्या कामातून आलेलं हे उत्पादन १९८० पासून वापरात आहे. इथे टिकण्याचा प्रश्नच नाही. काही मिनिटांचं काम आहे.

चेहऱ्यावरचे खळगे भरणारी फिलर टिकावीत म्हणून धागे एकमेकांना रासायनिक टाके घालून बांधतात. त्यामुळे दिवसांऐवजी महिनोन्‌महिने राहतात. सुई चुकून धमनीत गेली तर मात्र त्वचेचा भाग मरू शकतो, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. हे काम हौशी हातांचं नाही. तसं झालंच तर डॉक्टर तातडीने हायल्युरोनिडेज टोचतात आणि धागे विरघळवतात. इतर फिलरना असा उतारा नाही.

हाच एन्झाइम मधमाशीच्या आणि कित्येक सापांच्या विषातही असतो. त्वचेखालची जाळी तो कापतो, विषाला वाट मोकळी होते. १९२८ मध्ये दुरान-रेनाल्स या संशोधकाने याला 'पसरवणारा घटक' म्हटलं, तेव्हा तो नेमकं काय कापतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हायल्युरोनान सापडायलाच अजून सहा वर्षं होती. आज स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध शिरेतून अर्धा ते दीड तास देण्याऐवजी याच जातीच्या एन्झाइमसोबत मांडीत त्वचेखाली दोन ते पाच मिनिटांत देता येतं. एरवी तिथे दोन मिलिलिटरही जेमतेम मावतं. जाळी कापली की पाच मिलिलिटर सहज पसरतं. आणि सुईची जागा भरून काढायला काही वेगळं करावं लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशींनी तिथली जाळी पुन्हा विणून काढलेली असते.